एक हात, एक पाय, एक डोळा: बेनॉयचा बायसंगुर

उंबरठा
नमस्कार मंडळी. परवा रात्री झोप येईना म्हणून फोनवर काकेशसच्या (काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या मधला डोंगराळ मुलूख) युद्धाबद्दल काहीबाही वाचत पडलो होतो, आणि एका माणसापाशी येऊन अडकलो तो अडकलोच. बायसंगुर. गाव बेनॉय, चेचन्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या डोंगरात. इमाम शामिल म्हणजे रशियाविरुद्ध तिथल्या डोंगरी मुसलमानांना एकत्र करून लढणारा पुढारी, हा त्याचा नायब, म्हणजे एका मुलखाचा कारभारीही तोच आणि सेनापतीही तोच. जन्म १७९४ च्या सुमाराचा सांगतात, फाशी १८६१. मधल्या काळात झारच्या फौजेशी लढताना याचा एक हात गेला, एक डोळा गेला, आणि १८४७ मध्ये गेर्गेबिलला तोफेच्या गोळ्याने एक पाय नेला. तरी गडी घोड्यावरच. माणसं त्याला दोराने खोगिराला बांधायची म्हणे.

आता प्रश्न. ऑगस्ट १८५९ मध्ये शेजारच्या दागेस्तानातल्या गुनीबच्या डोंगरावर शामिल शरण गेला. २५ वर्षं इमाम होता, शेवटी सोबत उरली होती चारेकशे माणसं. बायसंगुर त्यातलाच एक. त्याने शस्त्र ठेवलं नाही, थोडी माणसं घेऊन वेढा फोडला, घरी गेला, पुढच्या वर्षी परत उठाव केला, पकडला गेला आणि खासाव्यूर्तला फासावर गेला. शामिलला झारने कलुगा शहरात घर दिलं, पेन्शन दिली, पुढे हजला जाऊ दिलं, १८७१ मध्ये मदिनेत वारला.

दोघांतलं बरोबर कोण? दोन दिवस डोक्यात हेच चाललंय, बायको म्हणते आधी लाईटबिल भर. आणि एक भाबडा प्रश्न: असा माणूस खरंच लढू शकतो का, की मी आपला गोष्टच वाचतोय?

बोका_पुणेरी
पहिला! चहा टाकलाय, येऊ द्या.

सुगरण_नाही_मी
खोगिराला बांधून घ्यायचा हे वाचून काटाच आला अंगावर. पण मला आपलं बाईमाणसाचं डोकं, पहिला विचार हाच आला की मग उतरायचा कसा? घोडा पडला तर? सिरियसली विचारतेय, हसू नका.

अर्धवट_घोडेस्वार
@सुगरणताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. मी वीसेक वर्षं घोड्यावर बसतो (आयडी उगाच नाही घेतलेला, दोनदा कॉलरबोन मोडलंय). एका पायाने बसता येतं. घोडा पायांच्या दाबावर चालतो हे खरं, पण सवयीचा घोडा असेल तर तो आवाजावर आणि कमरेच्या हलण्यावरसुद्धा जातो. अडचण येते ती अचानक वळताना, वजन एकाच रिकिबीत असतं, तोल जातो. तिथे बांधून घेण्याला अर्थ आहे. घोडा पडला तर संपलं, ते मात्र खरं.

मला जास्त खटकतं ते हाताचं. एकच हात असेल तर लगाम धरणार की तलवार? दोन्ही एकदम नाही होत. म्हणून मला वाटतं पायानंतरच्या वर्षांत तो स्वतः कापाकापी करत नसणार. नायबाचं काम ते नव्हेच. माणसं गोळा करायची, कुठल्या वळणावर कुणी बसायचं ते ठरवायचं, आणि मुख्य म्हणजे दिसायचं. पोरं पळायला लागली की मागे वळून बघतात, तिथे हा असा बांधलेला म्हातारा घोड्यावर दिसला तर कुठल्या तोंडाने पळणार?

उंबरठा
"दिसायचं" हे पटलं. असा विचारच केला नव्हता.

जुना_जाणता
धागा चांगला आहे पण माणूस हवेत लटकतोय, त्याला जरा जमिनीवर आणू. मोठा प्रतिसाद आहे, कंटाळा येईल त्याने खाली उडी मारावी.

रशियाचा काकेशसवर डोळा आधीपासूनचा. चेचेन लोकांचा पहिला मोठा उठाव १७८५ चा, आल्दी गावच्या शेख मन्सूरचा. रशियन कर्नल पिएरी त्याला पकडायला गेला, गाव जाळलं, आणि परतताना सुंझा नदीजवळच्या जंगलात त्याची तुकडीच्या तुकडी कापली गेली. मन्सूर १७९१ ला अनापाच्या किल्ल्यात सापडला आणि १७९४ ला श्लिसेलबुर्गच्या तुरुंगात मेला. बायसंगुरचं जन्मवर्षही तेच सांगतात. चेचेन लोकांना हा योगायोग आवडत असणार, मला तरी आवडतो.

मग आला जनरल येर्मोलोव. याने किल्ल्यांना नावं काय दिली बघा. १८१८ ला ग्रोझनाया, म्हणजे भयंकर, धाक बसवणारी. आजची चेचन्याची राजधानी ग्रोझनी ती हीच. १८१९ ला व्नेझाप्नाया, म्हणजे अचानक. १८२१ ला बुर्नाया, वादळी. नावावरूनच कळतं माणूस काय करायला आलाय. १८१९ च्या सप्टेंबरात तेरेक नदीकाठचं दादी-यूर्त हे गाव घराघरात शिरून संपवलं, बायकासुद्धा खंजीर घेऊन लढल्या. त्या वेळी बायसंगुर पंचविशीतला असणार. ही बातमी डोंगरात पोचली नसेल असं होणार नाही.

आता एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही. शेजारच्या मुलखांत खान होते, बेग होते, सरदार होते. त्यांना पदक द्या, तनखा द्या, काम झालं. चेचेन लोकांत राजा नाही की जहागीरदार नाही. तैप म्हणजे कुळं, आणि प्रत्येक माणूस स्वतःला दुसऱ्याइतकाच समजणारा. विकत घ्यायचं कुणाला? आणि याचाच दुसरा भाग असा की त्यांना एकत्र बांधणंही तेवढंच अवघड. ते जमवलं शामिलने, जो स्वतः चेचेन नव्हता, दागेस्तानातल्या अवार जमातीचा होता. १८३९ ला अखुल्गोच्या वेढ्यात त्याचं सगळं गेलं, मुलगा जमालुद्दीन ओलीस द्यावा लागला, सात-आठ माणसांनिशी चेचन्यात पळून आला. आणि पुढच्याच वर्षी चेचन्यानेही त्याला आपला इमाम केलं, कारण तेव्हाच रशियन लोक चेचेन गावांकडून हत्यारं काढून घेत होते. हत्यार काढून घेणं म्हणजे त्यांच्यात अब्रू काढून घेणं.

१८४२ ला रशियन जनरल ग्राबे शामिलच्या तेव्हाच्या राजधानीकडे, दार्गोकडे निघाला, इच्केरियाच्या (पूर्व चेचन्याचा डोंगरी भाग) जंगलात तीन दिवस अडकला, दीड हजाराच्या वर मेलेले-जखमी घेऊन परतला. बायसंगुर त्या लढाईत होता, मुख्य सेनापती शोआइप-मुल्ला. १८४५ ला खुद्द झारचा काकेशसमधला व्हाइसरॉय व्होरोन्त्सोव दहाएक हजार फौज घेऊन आला. दार्गो घेतलं, पण रिकामं, जळलेलं. खायला संपलं म्हणून निम्मी फौज मागे पाठवली रसद आणायला. त्या वाटेवर दर थोड्या अंतराला झाडं पाडून अडसर केलेले आणि मागे बंदुका. जाताना एकदा मार, येताना परत मार. रशियन सैनिकांनी तिला नाव दिलं "सुखारी मोहीम", सुखारी म्हणजे वाळवलेल्या पावाचे तुकडे. एवढं करून हातात आली ती थोडीशी सुखारीच. सगळी मोहीम धरून तीन जनरल आणि साडेतीन हजारांच्या घरात माणसं, मेलेली-जखमी. व्होरोन्त्सोवला बक्षीस म्हणून प्रिन्स हा किताब मिळाला, हे वेगळं सांगायला नको.

बोका_पुणेरी
हरल्यावर प्रमोशन. आमच्या ऑफिसची शाखा होती वाटतं तिथे.

ठोंब्या
म्हणजे हा सरळसरळ गनिमी कावा!! महाराजांनी दोनशे वर्षं आधी केलेलं. हे लोक आपल्याकडूनच शिकले असणार बघा.

मृदगंध
@ठोंब्या, कसे शिकले, पत्राने? प्रत्येक धाग्यावर हे आणायलाच पाहिजे का? जंगल आहे, डोंगर आहे, समोर मोठी फौज आहे, तर जगातला कुणीही माणूस हेच करेल. त्यांचं त्यांना असू द्या ना.

ठोंब्या
बरं बाई, चुकलं. पण अभिमान वाटला तर काय बिघडलं?

जुना_जाणता
भांडू नका. जोडायचंच असेल तर एवढंच जोडा की १८५९ च्या एप्रिलात तात्या टोप्यांना शिवपुरीला फाशी झाली आणि त्याच एप्रिलात शामिलची राजधानी वेदेनो पडली. दोघांनाही एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही.

वनपाल_निवृत्त
मी इथे फार लिहीत नाही, वाचतो. पण जंगलाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. ३१ वर्षं वनखात्यात काढली आहेत.

बायसंगुर कसा हरला हे समजून घ्यायचं तर बंदुका मोजू नका, कुऱ्हाडी मोजा. १८४५ च्या मारानंतर व्होरोन्त्सोवने धडा घेतला. मोठ्या मोहिमा बंद. दर हिवाळ्यात फौज निघायची आणि जंगल तोडायची. हिवाळ्यातच का? बीचचं झाड पानगळीचं. पानं गळली की आडोसा गेला, लांबचं दिसतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना बंदुकीच्या टप्प्याएवढा पट्टा साफ करायचा, मग तिथे ठाणं, मग पुढचा पट्टा. अर्धे सैनिक झाडाला आणि अर्धे पहाऱ्याला. तोल्स्तोय ऐन तरुणपणी, १८५१ पासून तिथे होता, अशा तोडीच्या मोहिमेत स्वतः गेलेला आहे, त्यावर त्याची कथाही आहे.

आता बीचचं झाड म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. आम्ही साग तोडायचो तेव्हा जुने मजूर झाडाला हात लावून आधी वर बघायचे, झुकाव कुठे आहे, मग खाली खाच घ्यायची आणि मागून घाव. बीचचा बुंधा गुळगुळीत, राखाडी, म्हाताऱ्या हत्तीच्या पायासारखा, लाकूड टणक आणि ओलं असलं की भलतंच जड. दोन माणसांना एका मोठ्या झाडाला चांगला अर्धा दिवस. असे हजारो बुंधे, दहा-बारा हिवाळे. शामिलला हे कळत होतं. त्याने झाड तोडणाऱ्या आपल्याच लोकांना दंड लावला होता. गावकऱ्याला चुलीला लाकूड लागणारच, पण इमामाच्या लेखी ते झाड म्हणजे किल्ल्याची भिंत.

मला कोणी विचारलं बेनॉय का शेवटपर्यंत टिकलं, तर मी म्हणेन तिथपर्यंत कुऱ्हाड सगळ्यात उशिरा पोचली म्हणून.

उंबरठा
काका, दंडवत. वेगळा लेख लिहा यावर, प्लीज.

सुगरण_नाही_मी
+१. म्हाताऱ्या हत्तीचा पाय! आता कुठेही बीचचा फोटो दिसला की हेच आठवणार.

फारसीप्रेमी
जरा अवांतर. बायसंगुर हे नाव ऐकून मी दचकलोच. तैमूरच्या नातवाचं नाव बायसुंगुर, हेरातला १४३० मध्ये शाहनाम्याची ती सुप्रसिद्ध सचित्र प्रत त्याने करून घेतली. बाबराचा एक चुलतभाऊही याच नावाचा, ज्याच्याकडून बाबराने समरकंद घेतलं. मूळ शब्द तुर्की, "सुंगुर" म्हणजे ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी. दरबारातलं नाव बेनॉयच्या शेतकऱ्याच्या घरात कसं गेलं असेल कोण जाणे, नावं अशीच फिरतात.

बोका_पुणेरी
आमच्या गल्लीत सिकंदर नावाचा इस्त्रीवाला आहे. चालायचंच.

राष्ट्रप्रथम_७१
सगळं ठीक आहे पण हे उदात्तीकरण कशासाठी? चेचेन म्हटलं की थिएटर, शाळा, ओलीस, बॉम्ब हे आठवतं. धर्माच्या नावाने लढणारे लोक हे. मूळ त्याच इमामांत आहे. रशिया आपला मित्र देश आहे हे विसरू नये.

मृदगंध
बेसलानच्या शाळेतल्या आणि मॉस्कोच्या थिएटरातल्या ओलीसनाट्याला कुणीच समर्थन देत नाहीये इथे. पण २००४ चा हिशोब १८४५ च्या माणसाच्या नावावर कसा मांडायचा? मधल्या दीडशे वर्षांत काय काय झालं ते तर बघा. २३ फेब्रुवारी १९४४ ला स्टालिनने अख्खा समाज, चेचेन आणि इंगुश मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं, मालगाड्यांत भरून कझाकस्तान-किर्गिझियात नेऊन टाकली. म्हातारे, बाळंतिणी, सैन्यातून लढून आलेले, सगळे. थंडीत, डब्यातच मेले कितीतरी. परत यायला १९५७ उजाडलं.

आणि धर्माचं म्हणाल तर धर्माच्याच नावाने युद्ध थांबवा म्हणणाराही त्यांच्यातच होता, त्याच्यावर मी सवडीने लिहिते, आत्ता कुकर लावायचाय.

संपादक
सूचना: आजच्या राजकारणासाठी वेगळा धागा आहे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषयाला धरून लिहा.

जुना_जाणता
संपादकांची क्षमा मागून एकच. ही माणसं रशियाची मित्र की शत्रू हे खुद्द रशियालाच ठरवता आलेलं नाही. सोव्हिएत इतिहासात शामिल आधी वसाहतवादाविरुद्धचा वीर, १९५० ला एकदम ब्रिटिशांचा आणि तुर्कांचा एजंट, स्टालिन गेल्यावर परत माणसात. आणि २०२० मध्ये क्रेमलिनच्याच मर्जीतल्या ग्रोझनीत शहराच्या एका भागाला बायसंगुरचं आणि एकाला शेख मन्सूरचं नाव दिलं. त्याच शेख मन्सूरच्या नावाची चेचेन बटालियन युक्रेनच्या बाजूने रशियाशी लढतेय. मेलेल्या माणसाला कुणीही आपल्या बाजूला उभा करू शकतो, तो काय बोलणार.

टिंबटिंब
वाचतेय...

जॉर्डनकर
मी गेली सहा वर्षं अम्मानला नोकरीला आहे. इथे चेचेन वस्ती आहे, झरका आणि सुवेलेहला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली कुटुंबं. घरात अजून चेचेन बोलतात. माझ्या ऑफिसात एक आहेत, साठीला आलेले, त्यांनी पहिल्या दिवशी मला त्यांचं स्वागत शिकवलं, "मार्शा वोगीला". म्हणजे ये, पण मोकळा ये, स्वतंत्र ये. आपण "या, बसा" म्हणतो तसं रोजचं वाक्य आहे ते.

त्यांना विचारलं बायसंगुर की शामिल. अर्धा मिनिट बोलले नाहीत. मग ती गोष्ट सांगितली. गुनीबला शामिल शत्रूकडे चालत निघाला तेव्हा बायसंगुरने मागून हाक मारली, "शामिल!" तीनदा मारली. शामिलने वळून बघितलं नाही. नंतर म्हणे कुणी विचारलं का नाही वळलास, तर शामिल म्हणाला, वळलो असतो तर त्याने गोळी घातली असती, पाठीवर चेचेन गोळी घालत नाही हे मला ठाऊक होतं.

अर्धवट_घोडेस्वार
बाप रे. हे खरं असेल?

जुना_जाणता
तोंडी परंपरेतली गोष्ट आहे, तशीच घ्यावी. पण गोष्ट किती चतुर आहे बघा, दोघांचीही अब्रू राखते. बायसंगुर रागात होता तरी पाठीत गोळी घालत नाही, आणि शामिल शरण चाललाय तरी त्याचा विश्वास आपल्या माणसाच्या सभ्यतेवरच. फाशीचीही अशीच गोष्ट आहे, की जल्लादाने हात लावायच्या आत बायसंगुरने स्वतःच पायाखालचं स्टूल उडवलं. एकच पाय होता, हे विसरू नका.

सुगरण_नाही_मी
...

मृदगंध
आले परत. कुकर झाला, भांडी नवऱ्याकडे.

मूळ प्रश्नाकडे. माझं मत कुणालाच आवडणार नाही कदाचित. शामिल बरोबर की बायसंगुर, यात तिसऱ्या माणसाला आपण विसरतोय, तो म्हणजे सामान्य चेचेन माणूस. १८४३ ची एक गोष्ट सांगतात. चेचेन गावांना दोन्हीकडून मार बसत होता, रशियनांना रसद दिली तर शामिलचे नायब घर जाळणार, नाही दिली तर रशियन जाळणार. शेवटी त्यांनी काही माणसं शामिलच्या आईकडे पाठवली, की बाई तुम्ही मुलाला सांगा, आम्हाला रशियाशी तह करू दे. आईने शब्द टाकला. शामिल तीन दिवस मशिदीत बसून बाहेर आला आणि म्हणाला, असा शब्द पहिल्यांदा ज्याने माझ्यापुढे टाकला त्याला शंभर फटके, देवाचा हुकूम. आईला पाच फटक्यांतच भोवळ आली, उरलेले ९५ त्याने स्वतः खाल्ले. सगळे यात शामिलचं मोठेपण बघतात. मला त्यात ती दारात आलेली माणसं दिसतात, जी थकली होती आणि जिवाच्या भीतीने म्हातारीच्या पदराआड उभी होती.

आणि मग कुंता-हाजी. हा इलिसखान-यूर्तचा माणूस, सूफी. १८५० च्या दशकातच सांगत होता की लढून लढून आपण संपत चाललोय, माणसं उरली तर धर्म उरेल, हत्यार खाली ठेवा. शामिलने त्याला गप्प केलं. शामिल पडल्यावर लोक त्याच्याकडे लोटले, गोल करून झिक्र, म्हणजे अल्लाचं नामस्मरण, करायचे. तो तर शांतता सांगत होता ना? तरी १८६४ च्या जानेवारीत रशियनांनी त्याला अटक केली, आणि शाली गावात त्याच्या सुटकेसाठी नुसते खंजीर घेऊन जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. तो १८६७ ला लांब उत्तरेत उस्त्युझ्नाला मेला. १८६५ ला पाच हजार कुटुंबं, वीस-बावीस हजार माणसं, देश सोडून तुर्कस्तानात गेली.

म्हणजे शरण गेला त्याला पेन्शन, लढला त्याला फाशी, आणि शांती सांगितली त्याला हद्दपारी. पेन्शन फक्त मोठ्या माणसाला मिळते हो. बेनॉयच्या शेतकऱ्याला शरण जाऊन काय मिळणार होतं? त्याला मैदानात हलवणार, जमीन कसाकांना (झारने सीमेवर वसवलेले लढवय्ये) देणार. म्हणून मला वाटतं बायसंगुरला "हट्टी" म्हणणं सोपं आहे, पण त्याच्यापुढे कलुगाचा बंगला ठेवलाच नव्हता कुणी.

वनपाल_निवृत्त
ताई, शेवटचं वाक्य फार नेमकं.

राष्ट्रप्रथम_७१
कुंता-हाजी माहीत नव्हता. माझा आधीचा प्रतिसाद घाईत लिहिला होता. आईचे फटके मात्र मला शामिलचं मोठेपणच वाटतं, त्यावर मतभेद राहू दे.

बोका_पुणेरी
आँ? या संस्थळावर कुणी मत बदललं? स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

उंबरठा
मृदगंध, आज दिवसभर तुमच्या प्रतिसादावर विचार करत होतो. मी प्रश्नच चुकीचा विचारला बहुतेक. पण एक गोष्ट टोचतेय ती लिहितो. १८६० च्या वसंतात बायसंगुरने बेनॉयला उठाव केला, तिकडे आर्गुनच्या खोऱ्यात उमा दुएव आणि अताबी अताएव उठले, सोल्तामुराद बेनॉयचाच, तोही. क्रिमियाचं युद्ध १८५६ लाच संपलेलं, त्यामुळे झारची दोन लाखांवर फौज काकेशसला मोकळी होती. जिंकणार नाही हे त्याला कळत नसणार? साठी उलटलेला, एक डोळा, वीस वर्षं लढलेला. उठाव मोडताना बेनॉय आणि आजूबाजूच्या वाड्या जाळल्या, लोकांना हाकलून मैदानात बसवलं. त्याची किंमत त्याच्या गावाने दिली. गावातल्या एखाद्या बाईने त्याला शिव्या घातल्या असतील का? की तीच त्याला भाकरी पोचवत होती? फेब्रुवारी १८६१ पर्यंत तो जंगलात राहू शकला म्हणजे कुणीतरी पोचवतच असणार. एक पाय असलेला माणूस बर्फात एकटा नाही राहत.

अर्धवट_घोडेस्वार
दोन्ही. शिव्या घालून भाकरी पोचवत असेल. माझी आजी असती तर असंच केलं असतं.

जुना_जाणता
एक पुरवणी. उमा तेव्हा पकडला गेला, हद्दपारी भोगून परत आला, आणि १८७७ ला परत उठाव झाला तर म्हातारा त्यातही सामील! १८७८ ला ग्रोझनीला फासावर गेला, त्याच वेळी त्या उठावाचा पुढारी अलीबेक-हाजीही, तो तर पंचविशी-सव्विशीतलाच. आणि खासाव्यूर्तचं नाव परत कधी ऐकलं आठवतंय? ३१ ऑगस्ट १९९६. पहिलं चेचेन युद्ध थांबवायचा करार रशियाकडून लेबेद आणि चेचेनांकडून मस्खादोवने त्याच गावात केला. फाशीनंतर १३५ वर्षांनी.

टिंबटिंब
मी पहिल्यापासून वाचतेय, लिहावं की नको करत होते. माझा भाचा मखाचकलाला मेडिकलला आहे (हो, त्याच दागेस्तानात, आपली बरीच मुलं आहेत तिकडे). सुट्टीत मित्रांबरोबर ग्रोझनीला फिरायला जाताना खासाव्यूर्त वाटेतच लागतं. त्याला या धाग्याबद्दल सांगितलं तर म्हणाला, मावशी मला तिथलं फक्त मार्केट माहितीये, स्वस्त जॅकेटं मिळतात.

पण परवा तो परत त्या वाटेने गेला. मिनीबसचा ड्रायव्हर चेचेन होता, त्याला आपल्या मोडक्या रशियनमध्ये विचारलं बायसंगुर माहीत आहे का. तर ड्रायव्हर म्हणाला मी स्वतः बेनॉय तैपचा. पोरगा खूश. नंतर कळलं की ती चेचेन लोकांतली सगळ्यात मोठी तैप आहे, रस्त्यावर दगड मारला तर बेनॉयच्याच माणसाला लागेल. मग ड्रायव्हर अर्धा तास स्टिअरिंग सोडून दोन्ही हात हलवत बोलत होता. भाच्याला त्यातले घोडा, पाय आणि दोर एवढेच शब्द कळले.

सुगरण_नाही_मी
अगं पण मग उतरताना काय म्हणाला तो?

टिंबटिंब
बॅग मोठी आहे म्हणून पन्नास रुबल जास्तीचे मागितले.